वीस फुटी, चाळीस फुटी आणि एकच सरकता ट्रेलर

नागपूरच्या बाजूने निघणारा निर्यातीचा माल दोन स्वभावांचा असतो. फेरोअलॉय, स्टीलच्या कॉईल, भंडारा-गोंदियाचा तांदूळ या मालाला जागा थोडी लागते, पण वजन मरणाचं असतं. तो वीस फुटी कंटेनरमध्ये भरतात. बुटीबोरीचं सूत किंवा कापसाच्या गाठी घेतल्या तर जागा आधी संपते, वजन मागे राहतं. हा माल चाळीस फुटी हाय क्यूबमध्ये, म्हणजे जास्त उंचीच्या कंटेनरमध्ये जातो. दोन्ही कंटेनर कारखान्यातून अजनीच्या किंवा मिहानच्या कॉनकॉरच्या (रेल्वेच्या कंटेनर कंपनीच्या) डेपोपर्यंत रस्त्यानेच येतात, आणि गाडीमालकाकडे बहुतेक वेळा ट्रेलर एकच असतो.

सरकता ट्रेलर यासाठीच असतो. त्याची चेसी, म्हणजे खालचा सांगाडा, दोन भागांत असते. पुढचा भाग किंगपिनसह (तळाच्या जोडखुंटासह) घोड्यावर, म्हणजे ओढणाऱ्या इंजिनगाडीवर टेकतो, मागच्या भागाला चाकं असतात, आणि एक भाग दुसऱ्याच्या पोटात दुर्बिणीच्या नळीसारखा आत-बाहेर होतो. ठरावीक अंतरावर भोकं पाडलेली असतात, त्यांत जाड पोलादी पिना बसतात. पिना काढायच्या, लांबी बदलायची, पिना परत घालायच्या. ऐकायला एवढंच आहे. गैरसमजही इथूनच सुरू होतो, कारण बऱ्याच जणांना वाटतं की ट्रेलर सरकवायचा तो कंटेनर मावावा म्हणून. मावण्याचा प्रश्न फार तर चाळीस फुटीपुरता खरा. वीस फुटी तर उघडलेल्या, म्हणजे लांब केलेल्या ट्रेलरवरही आरामात मावतो. तरीही ट्रेलर बंद, म्हणजे आखूड करायचा, तो वजन कुठल्या चाकांवर पडणार यासाठी.

आधी मापं, कारण पुढचं सगळं त्यांच्यावर उभं आहे. वीस फुटी कंटेनरची लांबी 6058 मिमी म्हणजे वीस फुटांपेक्षा थोडी कमीच, आणि चाळीस फुटीची 12192 मिमी. रुंदी दोन्हींची 2438. साध्या कंटेनरची उंची 2591 आणि हाय क्यूबची 2896. पण चेसीला या बाहेरच्या मापांशी फारसं देणंघेणं नाही. तिला हवं असतं तळाच्या चार कोपऱ्यांतल्या भोकांचं अंतर, म्हणजे ट्विस्ट लॉक (कंटेनर चेसीला पकडून ठेवणारे फिरते खुंट) जिथे शिरतात त्या भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं. वीस फुटीचं हे अंतर लांबीत 5853 मिमी, चाळीस फुटीचं 11985, आणि रुंदीत दोन्हींचं 2259. पंचेचाळीस फुटी आपल्याकडे क्वचितच दिसतो. त्याला चाळीस फुटीच्याच जागी भोकं असतात, म्हणून तो चाळीसच्या लॉकवर बसतो आणि दोन्ही टोकांना 762 मिमी बाहेर डोकावतो. मागे डोकावला तर चालतं. पुढचं टोक मात्र वळणावर घोड्याच्या केबिनला घासत नाही ना, हे रिकाम्या यार्डात हळू वळून आधीच पाहून ठेवावं.

दोन वीस फुटी एकामागे एक ठेवले तर त्यांच्यामध्ये 76 मिमीची फट राहते, आणि आतल्या बाजूच्या लॉकच्या दोन रांगांमध्ये 279 मिमी. म्हणून बहुतेक चेसींवर मधोमध लॉकच्या दोन रांगा जवळजवळ दिसतात. चाळीस फुटी चढवताना हे मधले लॉक खाली पाडायचे किंवा काढून ठेवायचे. एक जरी उभा राहिला तर कंटेनर त्याच्यावर तोलला जातो, तळाची आडवी पट्टी वाकते आणि चारही कोपरे नीट टेकत नाहीत. क्रेनवाला वरून सांगतो, बसला. खाली वाकून पाहिलं की कोपऱ्यात दोन बोटं जाईल एवढी फट असते.

वजनाचं गणित

ट्रेलर म्हणजे दोन जागी टेकलेली फळी. एक टेकू किंगपिन, दुसरा मागची चाकं. तीन ॲक्सल (चाकं जोडणारे आडवे दांडे) असतील तर मधला ॲक्सल हा दुसरा टेकू समजायचा. फळीवरचं ओझं ज्या टेकूच्या जवळ, त्याच्यावर भार जास्त. लहानपणी कावड किंवा सी-सॉ पाहिला असेल तर हे आधीच माहीत आहे, फक्त इथे आकडे टनांत आहेत.

एक उदाहरण घेऊ. ट्रेलर पूर्ण उघडला की किंगपिनपासून मधल्या ॲक्सलपर्यंत 9.3 मीटर, आणि मधल्या ॲक्सलपासून शेपटापर्यंत 1.9 मीटर. कंपनीप्रमाणे हे आकडे बदलतात, तेव्हा आपल्या ट्रेलरचे टेपने मोजून घ्यावेत. कंटेनर मालासकट 28 टन, आणि माल आत सारखा पसरलेला.

चाळीस फुटी चढवला की त्याचा मध्य मधल्या ॲक्सलच्या 4.2 मीटर पुढे येतो. 4.2 ला 9.3 ने भागून 28 ने गुणलं की किंगपिनवर सुमारे 12.6 टन पडतात आणि मागच्या चाकांवर 15.4. ही छान वाटणी झाली. मात्र घोडा तीन ॲक्सलचा हवा. दोन ॲक्सलच्या घोड्याच्या मागच्या ॲक्सलला चार टायरवर 11.5 टनांचीच परवानगी आहे, आणि त्यात घोड्याचं स्वतःचं वजनही मोजलं जातं.

आता तोच 28 टनांचा भार वीस फुटीत घेऊ, ट्रेलर उघडाच ठेवू, आणि कंटेनर अगदी पुढे ठेवू. किंगपिनवर जवळपास 21.9 टन येतात आणि मागची चाकं मजेत असतात. तीन ॲक्सलच्या घोड्याच्या मागच्या जोड ॲक्सलची मर्यादा 21 टन आहे आणि तीही घोड्याच्या वजनासकट, म्हणजे इथे सरळ ओव्हरलोड. कंटेनर शेपटाला नेला तर उलटं होतं. किंगपिनवर फक्त 3.4 टन उरतात आणि मागच्या चाकांवर 24.6. त्यात ट्रेलरच्या मागच्या भागाचं स्वतःचं वजन, समजा 4.5 टन, मिळवलं की 29.1 टन होतात. तीन ॲक्सलच्या समूहाला 27 टनांची मर्यादा आहे. शिवाय घोड्याच्या मागच्या चाकांवर भारच नसल्याने पावसात चढावर ती जागेवर फिरतात, आणि ब्रेक मारला की घोडा घसरतो.

आता ट्रेलर 4 मीटर बंद करू. किंगपिन ते मधला ॲक्सल 5.3 मीटर उरलं. कंटेनर शेपटालाच, तसूभरही हललेला नाही. तरीही किंगपिनवरचा भार 3.4 वरून 6 टनांवर जातो, मागच्या चाकांवर 22 येतात आणि 4.5 धरून बेरीज होते 26.5. मर्यादेच्या आत. माल तोच, कंटेनर तोच, टायर तेच. बदलली ती फक्त पिनांची भोकं.

मग वीस फुटी उघड्या ट्रेलरच्या मधोमध का ठेवू नये, असा प्रश्न येतो. वजनाच्या हिशेबाने चालतंच, वाटणी चाळीस फुटीसारखीच पडते, आणि न सरकणाऱ्या ट्रेलरवर आपल्याकडे हेच करतात. पण सरकत्या ट्रेलरवर मधोमध म्हणजे नेमकी दोन नळ्यांच्या सांध्यावरची जागा. तिथेच चेसी सर्वांत जास्त वाकू पाहते. चाळीस फुटीचा भार त्याच्या चार कोपऱ्यांतून, म्हणजे ट्रेलरच्या दोन टोकांना उतरतो. वीस फुटीचा सगळा भार मधल्या सहा मीटरमध्येच पडतो. ट्रेलर बनवणाऱ्याने तशी परवानगी दिलेली नसेल तर जड वीस फुटी तिथे ठेवू नये. दुसरी अडचण गोदामात कळते. मधोमध ठेवलेल्या कंटेनरचं दार धक्क्यापासून तीन मीटर लांब राहतं आणि फोर्कलिफ्ट आत जाऊ शकत नाही.

दोन वीस फुटी असतील आणि एक आधी उतरवायचा असेल, तर उरलेला कुठे राहतो याचा विचार घर सोडण्याआधी करावा. मागचा उतरवला की वरचं 21.9 टनांवालं चित्र तयार होतं, पुढचा उतरवला की 3.4 टनांवालं. दोन्ही टोकांची चित्रं 28 टनांच्या कंटेनरची आहेत. दोन्ही वीस फुटींत प्रत्येकी इतकं वजन नियमात बसत नाही, कारण तीन अधिक तीन ॲक्सलच्या गाडीची एकूण मर्यादा 2018 पासून 55 टन आहे, त्यातले साधारण 16-17 टन घोडा आणि रिकामा ट्रेलरच खातो. जुन्या गाडीच्या आर.सी.वर कमी आकडा असेल तर तोच धरायचा. ओव्हरलोडचा दंड मोटार वाहन कायद्याप्रमाणे 20000 रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला 2000, शिवाय माल उतरवण्याचा खर्च गाडीवाल्याचाच.

बंद ट्रेलरचा आणखी एक फायदा वळणावर दिसतो. किंगपिन 15 मीटर त्रिज्येच्या गोलाकारात फिरत राहिला तर उघड्या ट्रेलरची मागची चाकं सुमारे 3.2 मीटर आत येतात, बंद ट्रेलरची एक मीटरपेक्षा कमी. नागपूरजवळच्या वाडी गावातल्या गोदामांच्या गल्ल्यांत हा फरक कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीला समजतो.

प्रत्यक्ष सरकवताना

सगळ्यात आधी ट्रेलर रिकामा हवा. चाळीस फुटी कंटेनर दोन्ही भागांना लॉक झालेला असताना काही सरकणारच नाही, आणि वीस फुटी एकाच भागावर असला तरी त्याच्या भाराने नळ्या एकमेकींवर दाबल्या जाऊन पिना अडकतात. जागा सपाट आणि टणक हवी, सिमेंटचं यार्ड उत्तम. पावसाळ्यात यार्डाच्या कडेच्या काळ्या मातीवर हा उद्योग करू नये. एका बाजूची चाकं इंचभर रुतली तरी चेसीला पीळ पडतो आणि चारपैकी दोन पिना भोकासमोर येतच नाहीत. घोडा आणि ट्रेलर एका सरळ रेषेत असावेत. थोडा जरी कोन असला तरी ओढ तिरकी लागते.

ट्रेलरचा पार्किंग ब्रेक लावायचा, घोड्याचा मोकळा ठेवायचा. मागच्या चाकांना पुढून आणि मागून गुटके लावायचे. ट्रेलरचे पाय, म्हणजे लँडिंग लेग, पूर्ण वर घेतलेले हवेत. ते जमिनीला टेकलेले राहिले आणि घोडा पुढे गेला, तर पाय वाकतात आणि त्या दिवसाची भाडी तिथेच संपतात. मग एकदा चेसीच्या दोन्ही बाजूंनी चालत जाऊन पाहायचं. हवेचे पाईप आणि दिव्यांची केबल मोकळी आहे का, नळीच्या तोंडाशी दगड किंवा लाकडाचा तुकडा अडकला आहे का, शेजारी कुणी बसलं आहे का.

आता पिना काढायच्या. काही ट्रेलरवर हाताने ओढायचा लिव्हर असतो, काहींवर हवेचा व्हॉल्व्ह. हवेवाल्या प्रकारात पिना स्प्रिंगने आत बसलेल्या असतात आणि हवा त्यांना बाहेर ओढते. ही रचना मुद्दाम तशी आहे, म्हणजे हवा गळली तरी पिना आतच राहतात. व्हॉल्व्ह दाबला म्हणजे पिना निघाल्या असं समजू नये. प्रत्येक पिन डोळ्यांनी पाहायची. एखादी निघत नसेल तर बहुतेक वेळा ती भोकाच्या कडेला दाबली गेलेली असते. घोडा दोन-चार इंच मागे घ्यायचा, पुढे घ्यायचा. दाब सुटला की ती टक्क आवाज करून निघते. घणाने ठोकायची घाई करू नये. ठोकून पिनेचं डोकं पसरतं आणि पुढच्या वेळी ती निघतही नाही आणि बसतही नाही.

पिना निघाल्या की सर्वांत खालच्या गियरमध्ये, ॲक्सिलरेटरला पाय न लावता, घोडा मुंगीच्या चालीने पुढे घ्यायचा. चाकं जागेवर, पुढचा भाग बाहेर. बंद करायचा असेल तर तसंच मागे. मागे घेताना किंगपिन ट्रेलरला ढकलतो. गुटके नसतील तर खडीवर अख्खा ट्रेलर मागे घसरतो आणि लांबी जिथली तिथेच राहते. क्लिनरने चालकाच्या आरशात दिसेल असं बाजूला उभं राहायचं, दोन भागांच्या मध्ये किंवा चाकांच्या मागे कधीच नाही. हात सांध्यापाशी नेऊन भोक समोर आलं का ते बोटाने चाचपण्याची सवय काहींना असते. ती बोट जाईपर्यंतच टिकते.

भोकांच्या जागी चेसीवर 20, 40, 45 असे आकडे जाड रंगाने लिहून ठेवले आणि मागच्या नळीवर एक बाण काढला की निम्मं काम सोपं होतं. हवं ते भोक यायच्या हातभर आधीच लिव्हर सोडून द्यायचा. मग पिन नळीच्या अंगावर घासत जाते आणि भोक आलं की स्प्रिंगच्या जोराने स्वतःच आत पडते. भोक अगदी समोर आणून मग पिन सोडायचा प्रयत्न केला तर पाच-सहा वेळा पुढे-मागे करावं लागतं.

पिन पडली की खात्री करायची. ब्रेक लागलेलाच ठेवून घोड्याने हलकासा पुढे झटका, हलकासा मागे झटका. चेसी हलली नाही तर ठीक. पण हा झटका पुरेसा नाही, कारण चारपैकी दोन पिना बसल्या तरी रिकामा ट्रेलर झटका सहन करतो. टॉर्च घेऊन चारही पिना पाहायच्या. प्रत्येक पिनेचं टोक पलीकडून बाहेर आलेलं दिसलं पाहिजे आणि लिव्हर खाचेत परत गेलेला पाहिजे. क्लिनरने चाकाशी उभं राहून «बसली बे!» ओरडणं हा पुरावा नव्हे.

शेवटी टेप. वीस फुटीसाठी पुढच्या-मागच्या लॉकच्या मध्यांमधलं अंतर 5853, चाळीससाठी 11985. मग दोन्ही कर्ण मोजायचे. वीसचा कर्ण साधारण 6274 मिमी यायला हवा, चाळीसचा 12196. दोन कर्णांत फरक जास्त आला तर चेसी तिरकी झालेली आहे आणि एका कोपऱ्याचा लॉक कधीच नीट शिरणार नाही. खुद्द कंटेनरलाही थोडा तिरकेपणा माफ असतो. वीस फुटीच्या कर्णांत 13 मिमी आणि चाळीसच्या कर्णांत 19 मिमीपर्यंतचा फरक मानकात बसतो. चेसीचा आणि कंटेनरचा तिरकेपणा एकमेकांच्या विरुद्ध असला की क्रेनवाला आणि चालक एकमेकांना शिव्या देत बसतात. दोघांचीही चूक नसते.

मे महिन्याच्या उन्हात लोखंड पसरतं म्हणून लॉक बसत नाही, असं कारण नागपुरात हमखास ऐकू येतं. डिसेंबरच्या पहाटेपासून मेच्या दुपारच्या तापलेल्या लोखंडापर्यंत 50 अंशांचा फरक धरला, तरी 12 मीटर पोलाद सात मिलिमीटरच वाढतं, आणि कंटेनरही पोलादीच असल्याने तोही तितकाच वाढतो. लॉक बसत नसेल तर ऊन सोडून चेसी मोजा.

गूजनेक आणि हाय क्यूब

काही ट्रेलरचा पुढचा भाग बारीक मानेसारखा, म्हणजे गूजनेक असतो आणि मागची चेसी त्याहून खाली. चाळीस फुटी कंटेनरच्या तळाला पुढच्या टोकाशी एक खोलगट बोगदा असतो, तो या मानेवर बसतो आणि अख्खा कंटेनर तेवढा खाली येतो. हाय क्यूबसाठी हे सोयीचं, कारण पूल आणि तारांखालून जाताना दहा-बारा सेंटीमीटरही मोलाचे. वीस फुटीला असा बोगदा सहसा नसतो. तो मानेवर ठेवला तर तळ मानेवर टेकतो, कोपरे हवेत लटकतात आणि लॉक शिरत नाहीत. म्हणून अशा ट्रेलरवर वीस फुटी नेहमी मानेच्या मागे. चाळीस फुटी चढवतानाही दाराची बाजू मागेच हवी. बोगदा दाराच्या विरुद्ध टोकाला असतो, त्यामुळे उलटा चढवलेला कंटेनर मानेवर बसत नाही.

काय बिघडतं

सर्वांत सामान्य बिघाड म्हणजे अर्धी बसलेली पिन. रिकाम्या गाडीत ती खडखडते, भरल्यावर गप्प होते, म्हणून लक्षात येत नाही. पिन काढल्यावर तिच्या अंगावर एकाच बाजूला चकचकीत घासल्याची खूण दिसली तर भोक लांबट झालेलं आहे. भोकाला नवी बुश (आत बसणारी कडी) बसवावी. फक्त वेल्डिंगने भोक भरून नव्याने पाडलं की ते जागेवरून एक-दोन मिलिमीटर सरकतं आणि तिथून पुढे एक पिन बसली की समोरची बसत नाही.

नळ्यांमध्ये नायलॉनसारख्या कठीण प्लास्टिकच्या पट्ट्या असतात, लोखंड लोखंडावर घासू नये म्हणून. त्या झिजल्या की आतली नळी खाली झुकते आणि पिनेचं भोक वर-खाली होतं. या पट्ट्यांवर ग्रीस चोपडण्याची पद्धत सर्रास आहे, पण खडीच्या धुळीत ग्रीस म्हणजे घासायची पेस्ट. धुवून, कोरडी पुसून ठेवलेली पट्टी जास्त टिकते. ग्रीस पिनेच्या यंत्रणेला लावा, तेही बनवणाऱ्याने ग्रीस भरायचं निप्पल दिलं असेल तिथे.

केबल आणि पाईप उघड्या लांबीत ताणले जातात, बंद लांबीत लोंबतात. लोंबलेला पाईप तिसऱ्या ॲक्सलला घासून फुटला की ट्रेलरचा ब्रेक आपोआप लागतो आणि गाडी रस्त्याच्या मधोमध उभी राहते. लांबी बदलल्यावर प्रत्येक वेळी दिवे, इंडिकेटर आणि ब्रेक लाइट पाहून घ्यावेत. केबलचा आतला तुटका धागा एकाच लांबीत जोडला जातो आणि दुसऱ्या लांबीत सुटतो.

माल भरल्यावर काट्यावर नुसतं एकूण वजन घेऊन समाधान मानू नये. आधी फक्त घोडा काट्यावर घ्यायचा आणि ट्रेलरची चाकं बाहेर ठेवायची, मग पूर्ण गाडी. दुसऱ्या आकड्यातून पहिला वजा केला की मागच्या तीन ॲक्सलवरचं वजन मिळतं. काट्याचा फळा आणि बाहेरची जमीन एका पातळीत असेल तरच हा आकडा खरा. मागे 27 टनांपेक्षा जास्त आलं तर डेपोत जायच्या आधीच कंटेनर उतरवून ट्रेलर आणखी एक भोक बंद करायचा, आणि निघाल्यावर दहा-पंधरा किलोमीटरवर पहिल्या थांब्याला चारही पिना आणि चारही लॉक पुन्हा पाहायचे.